दुसऱ्याच्या हातची गाठ

दुसऱ्याच्या दोऱ्यावरून बोट फिरवू नये, एवढी रीत मलाही कळते. पण गळाची काठी माझ्याच गुडघ्याला टेकलेली होती, होडी अजून धक्क्याला बांधलेली होती आणि घड्याळजी टोपी विसरला म्हणून परत वर गेला होता. सवयीने मी त्याच्या काठीचा दोरा चिमटीत धरला आणि बोट गाठीपर्यंत नेलं. गाठ माझी नव्हती.

माझी गाठ मला डोळे मिटूनही कळते. वेटोळ्याला वेटोळं चिकटलेलं असतं आणि शेवटी तांदळाच्या दाण्याएवढं शेपूट ठेवलेलं असतं. मी ते मुद्दाम ठेवतो. ही गाठ गुळगुळीत होती. शेपूट मुळापासून कापलेलं, आणि वर कसलातरी थेंब काचेच्या मण्यासारखा घट्ट बसलेला. घड्याळजी पायऱ्या उतरताना दिसला तशी मी काठी पटकन जागेवर ठेवली. चोरी त्याची की माझी, हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

"निघायचं ना, पुस्तक्या? पाणी उतरायला लागलं."

"निघू या," मी म्हणालो आणि वल्ही घेतली.

एका गाठीचं एवढं काय, असं वाटणं साहजिक आहे. मलाही कधीकधी तसं वाटतं. आमची नदी समुद्राला मिळते तिथे एक जुना पूल आहे. त्याच्या खांबांमागे ट्रेव्हली दबा धरून असते. चपटा, रुपेरी मासा. कपाळ उभं, आणि शेपटीच्या अलीकडे दोन्ही अंगांना करवतीसारखी खरबरीत रेघ. ओहोटीला खारफुटीतलं पाणी बाहेर पडतं, त्याच्याबरोबर कोळंबीची पिल्लं आणि बारीक मासळी वाहत येते, आणि आडोशाला थांबलेली ट्रेव्हली तिच्यावर झडप घालते. आम्ही तिच्यापुढे करंगळीएवढी लाकडी मासोळी नाचवतो. काठी छडीसारखी हलकी, दोरा शिवणाच्या दोऱ्याहून बारीक. जड काठीने मासा ओढून काढता येतो. हलक्या काठीने त्याची समजूत घालावी लागते. त्याला पळू द्यायचं, दमला की थोडा दोरा परत घ्यायचा, पुन्हा पळू द्यायचं. शेवटी हाताशी आला की गळ काढून पाण्यात सोडायचा.

यात एकच जागा कच्ची असते. खांबांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या धारेवर बारीक दोरा टिकत नाही. म्हणून त्याच्या पुढे जाड, पारदर्शक दोऱ्याचा वावभर तुकडा जोडतात. एक मऊ, दुसरा ताठ. त्या दोघांना एकत्र धरून ठेवते ती गाठ, आणि ती बांधायला शांत हात लागतात.

घड्याळजीचे हात थरथरायला लागले आहेत हे आमच्यात कधीच बोललं गेलं नाही. घड्याळांच्या दुकानात त्याने बारीक दुरुस्ती घेणं बंद केलं. आता तो पट्टे बदलतो, सेल घालून देतो, बाकीचं दुसऱ्याकडे पाठवतो. असंच एकदा होडीतून उतरताना त्याने आपली काठी माझ्या हातात दिली. म्हणाला, "तू रिटायर माणूस. तुला वेळच वेळ. बांधून ठेव." तेव्हापासून त्याची काठी माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटाला टेकून असायची. मी ग्रंथालयात होतो. फाटक्या पुस्तकांची शिवण जन्मभर केली. दोरा माझं ऐकतो, निदान ऐकायचा. जायच्या आदल्या संध्याकाळी मी आधी त्याची गाठ बांधायचो, मग माझी. त्याची जास्त मन लावून बांधायचो. ज्यासाठी कोणी माझ्यावर अवलंबून आहे असं माझ्या आठवड्यात तेवढं एकच काम उरलं होतं.

मागच्या वेळी मात्र तो काठी घरी घेऊन गेला होता. रीळ उघडून साफ करायचंय म्हणाला. मी मान डोलावली होती.

त्या दिवशी त्याला दोन चांगल्या ट्रेव्हली लागल्या आणि दोन्ही हाताशी आल्या. अलीकडे असं होत नव्हतं. त्याचे मासे फार सुटायचे. "खांबाला घासला," म्हणायचा, आणि मी वळून बघेपर्यंत नेलकटरने दोऱ्याचं टोक कापून शर्टाच्या खिशात टाकायचा. पाण्यात दोऱ्याचा कचरा करू नये याबाबत तो इतका काटेकोर आहे याचं मला कौतुक वाटायचं. आज ना काही घासलं, ना त्याने नेलकटर काढलं. नवी गाठ त्याला लाभली म्हणायची. माझ्या पोटात दुखत होतं ते उन्हाने नव्हे.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं आणि माझ्याकडे बघून थबकली.

"अहो, सवत आल्यासारखं तोंड का झालंय?"

"कुठे काय."

"मासे लागले नाहीत?"

"त्याला लागले." मग न राहवून सांगितलं, "त्याच्या दोऱ्याला दुसऱ्या कोणीतरी गाठ बांधून दिलीय."

ती एवढी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "बाई बाई! आणि तुम्ही ती ओळखलीत?"

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. बांधू देत की दुसऱ्याला. तुमची सुटका झाली. संध्याकाळभर त्या दिव्याखाली नाक दोऱ्याला लावून बसता."

"दिवा मंद आहे."

"दिवा तुम्ही गेल्या महिन्यातच बदललात. दिव्याला काही धाड भरलेली नाही."

मी जेवण अर्धवट टाकलं. माणसाला समजून घेणारं घरात कोणी नसलं की असं होतं, असा एक फार दुःखी विचार केला आणि पुस्तक उघडलं. त्याची अक्षरंही हल्ली बारीक छापतात.

दुसऱ्या दिवशी घड्याळाचा पट्टा सैल झाल्याचं निमित्त काढून दुकानात गेलो. काउंटरच्या आतल्या बाजूला एक लाकडी स्टूल आहे. त्याचा एक पाय आखूड असल्याने त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली असते. ती घडी मी घातलेली आहे. त्या स्टुलावर घड्याळजीचे व्याही बसले होते, म्हणजे त्याच्या लेकीचे सासरे. हे दाताचे डॉक्टर. गुलाबी, स्वच्छ बोटं, कापलेली नखं, अंगाला लवंगेच्या तेलाचा वास.

"ये, ये! तुझीच आठवण काढत होतो," घड्याळजी जरा जास्तच मोठ्याने म्हणाला. "डॉक्टरांना ओळखतोस ना?"

न ओळखून सांगतो कोणाला. त्याच्या लेकीच्या लग्नात यांनी माझी एक दाढ हलते आहे हे भर पंगतीत जाहीर केलं होतं.

"काय म्हणते दाढ?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढली."

"अरेरे! माझ्याकडे यायचं. वाचवली असती."

"वाचवायचं एवढं काही नव्हतं तिच्यात."

"डॉक्टरांनाही आता माशांचा नाद लागलाय," घड्याळजी म्हणाला. "सुनेकडून ऐकून ऐकून."

"यांनी दोरा दाखवला," डॉक्टर उत्साहाने पुढे सरकले. "मी म्हटलं, ही गाठ अशी राहिली तर सैल होणा—"

"चहा सांगू ना?" घड्याळजीला एकदम ठसका लागला. "सांगतोच. कमी साखरेचा."

"—म्हणून मी नवीन बांधली आणि वर एक थेंब टाकला. दातात भरतो तोच मसाला. निळा दिवा दाखवला की दगड!"

"म्हणजे दाढच भरलीत की गाठीची," मी म्हणालो.

दोघंही खो खो हसले. मी विनोद केला नव्हता. ही गाठ, म्हणजे माझी गाठ, सैल होणार! माणूस दोन दिवस खाडीवर आला नाही आणि गाठींवर बोलतोय. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मी पुस्तकात पुष्कळदा वाचलं होतं.

"रविवारी हेही येतायत आपल्याबरोबर," घड्याळजी पट्ट्यात नवं भोक पाडायला टोच्या शोधत, माझ्याकडे न बघता म्हणाला.

"होडी दोघांची आहे."

"मावतात तिघं. तू काय, काडीएवढा."

रविवारी होडीत तिघं मावले, म्हणजे मी मधल्या फळीवर वल्ह्यांशी, घड्याळजी पुढे आणि डॉक्टर मागे. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं. त्यामुळे घड्याळजी माझ्या पाठीशी गेला आणि पुलापर्यंत वाटभर मला डॉक्टरांचंच दर्शन. त्यांनी मानेवर पडदा असलेली टोपी आणली होती आणि कपड्याच्या घडीत एक लांब, चकचकीत चिमटा.

"वल्ही छान मारता हो तुम्ही," ते म्हणाले. "मला जमायचं नाही."

मला याच कामावर ठेवायचं ठरलेलं दिसतंय, असं मनात आलं. आधी गाठ गेली, आता काठी. उद्या धक्क्यावर उभं राहून हात हलवायला सांगतील.

होडीचा एक नियम आहे. एकाला मासा लागला की दुसऱ्याने विचारत बसायचं नाही; होडी खांबापासून दूर काढायची. मासा लागलेल्याने मागे वळून बघायचं नसतं. दुसरा आपलं काम करतोच आहे असं धरून चालायचं. घड्याळजीने खांबाच्या सावलीत मासोळी टाकली, तिला दोन हिसके दिले आणि पाणी फुटलं. रीळ कण्हायला लागलं. मी वल्ही मारली.

आणि वल्ही मारतामारता मनात आलं, तुटू दे.

हात चोख काम करत होते; होडी वेळेवर बाहेर निघाली. नालायक होतं ते फक्त मन. तो मण्यासारखा थेंब तडकतोय, दोरा हलका होतोय, डॉक्टरांचं गुलाबी तोंड उतरतंय, असं सगळं मी छान रंगवलं. प्रत्यक्षात गाठ काठीच्या कड्यांतून सर्रकन आत-बाहेर होत राहिली आणि तिला काही झालं नाही. मासा बाजूला आला. बऱ्यापैकी मोठा. डॉक्टर माझ्या अंगावरून वाकले, चिमट्याने गळ अलगद काढला आणि माशाला म्हणाले, "झालं. चूळ भरा."

घड्याळजी हसून हसून फळीवर बसला. माझ्या कुठल्याही बोलण्याला तो एवढा हसल्याचं मला आठवेना. डॉक्टरांनी मासा टुपकन पाण्यात टाकून दिला. असं टाकून द्यायचं नसतं. दमलेल्या माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरायचं असतं, तो आपणहून जाईपर्यंत. ते आजवर माझं काम होतं. पण कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायला मला कधी जमलेलं नाही.

"आता तू," घड्याळजी मला म्हणाला. "डॉक्टर, तुम्ही या वल्ह्यांवर. नुसती धरून ठेवलीत तरी पुरे."

आम्ही जागा बदलल्या, होडी डुगडुगली. मी मागच्या फळीवर बसून माझी काठी उचलली.

"माझी घे हवी तर," तो डॉक्टरांच्या खांद्यावरून म्हणाला.

"का?"

"सहज. हाताला बरी आहे."

"माझी काय वाईट आहे?"

"वाईट कुठे म्हटलं मी?"

मी माझीच घेतली. तिच्यावर माझी गाठ होती, आदल्या संध्याकाळी बांधलेली. रागाने दोनदा सोडून पुन्हा बांधली होती. मी मासोळी लांब टाकली, मधल्या खांबाच्याही पलीकडे, इतकी लांब की डॉक्टर "वा!" म्हणाले. ते ऐकू न आल्यासारखं मी केलं. रिळाचे चारपाच वेढे घेतले असतील, नसतील, तोच कोणीतरी दार ओढावं तसा हिसका बसला. काठी मुठीपर्यंत वाकली. हा मोठा होता. हा पुलाखालचा तो मोठाच असावा. आम्ही दोघं त्याच्याविषयी इतकी वर्षं बोलत आलो होतो, आणि तो माझ्या हलक्या काठीवर, माझ्या गाठीवर, या दाताच्या डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत पळत होता. होडी आणि मासा दोन्ही खांबांपासून पुष्कळ बाहेर, मोकळ्या पाण्यात आले होते. घासायला कुठे काही नव्हतं. मी त्याला पळू दिलं. बघ म्हणावं, घड्याळजी. बघून घे कोणाची गाठ आहे.

काठी एकदम सरळ झाली.

"खांबाला घासला," घड्याळजी म्हणाला.

तो फारच पटकन म्हणाला. मी मान वर केली तर त्याने नेलकटर काढलेलं होतं आणि डॉक्टरांच्या खांद्यावरून हात लांबवला होता. "दे, टोक कापून टाकतो."

"खांब तिकडे राहिला," मी म्हणालो.

"मग कशाला तरी घासला असेल. दे इकडे."

हात थरथरत होता, तरी मागे घेतला नाही. मी दोरा गुंडाळून टोक आधी हातात धरलं. चष्मा नीट बसवून उन्हाकडे धरून निरखलं, तेव्हा दिसलं. कालवावर तुटलेला दोरा कुसकरलेला असतो. हा कुठे तुटलाच नव्हता. टोक शाबूत होतं आणि त्याला बारीक लाटा पडल्या होत्या, वेणी सोडल्यावर केसांत राहतात तशा. माझ्या वेटोळ्यांच्याच खुणा त्या. गाठ सरकून मोकळी झाली होती आणि जाड तुकडा मासोळीसकट माशाबरोबर गेला होता.

मला घड्याळजीच्या शर्टाचा खिसा आठवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"टोकं कधीपासून कापतोयस?"

"उन्हाळ्यापासून. आधी एखादी सुटायची. मग..." त्याने हात हलवला.

"आणि मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? तुला दिसत नाही म्हणून?" तो चिडला होता. मग आवाज खाली आला. "माझे हात हलतात, हे तू कधी बोललास?"

डॉक्टर मधल्या फळीवर, आम्हा दोघांच्या बरोब्बर मध्ये, वल्ही धरून बसले होते आणि खारफुटीकडे फार लक्ष देऊन बघत होते. त्यांना बोलायला काही सुचलं नसेल, किंवा सुचूनही ते गप्प राहिले असतील. दुसरं असेल तर माणूस वाईट नाही. हा विचार मला मुळीच आवडला नाही.

"यांना मात्र सांगितलंस," मी म्हणालो.

"यांना काही सांगितलं नाही. गाठ बांधून द्या म्हटलं. यांनीच जुनी बघितली आणि ओळखलं. सैल काय आणि घट्ट काय, एवढं कळतं त्यांना."

"तू तरी मला सांगायला हवं होतंस रे."

"सांगून काय झालं असतं? तू बांधायचं सोडलं असतंस." तो नेलकटर उगाचच उघडत-मिटत बसला. "मासे सुटायचे ते सुटू देत, माझं काही म्हणणं नव्हतं. पण पुस्तक्या, तो मोठा मला एकदा हातात घ्यायचाय. हे हात काठी धरतायत तोवर. म्हणून यांच्याकडे गेलो. तुला डावलून नाही गेलो."

मोठा तर माझ्या गाठीने आताच घालवला होता. ते तो बोलला नाही.

डॉक्टरांनी वल्ही आत घेतली. "द्या इकडे काठी. निळा दिवा गाडीत राहिलाय, पण साधी गाठ बांधता येईल."

एवढीशी काठी, पण ती त्यांच्या हातात द्यायला मला फार वेळ लागला. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, दोरा ओलसर केला आणि वेढे घालायला लागले. मी त्यांची बोटं बघत होतो. चांगली होती. हलत नव्हती, चाचपडत नव्हती. सगळं कळल्यावर माणसाचं मन साफ होतं म्हणतात. माझं झालं नाही. त्या बोटांचा मला अजूनही तेवढाच राग येत होता.

"शेपूट थोडं ठेवा," मी म्हणालो.

"त्याची काही गरज नसते."

"ठेवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तांदळाच्या दाण्याएवढं ठेवलं.

तेवढ्यात पुढून घड्याळजी ओरडला. त्याने दरम्यान मासोळी टाकली होती, आणि त्याची काठी पाण्यात शिरायला निघाली होती. प्रवाहाने आम्ही पुन्हा खांबाजवळ आलो होतो. डॉक्टरांनी माझी काठी बाजूला टाकून घाईने वल्ही मारली आणि होडी नेमकी खांबाकडे वळली.

"उलटं, उलटं!" मी समोरून त्यांच्या मुठींवरच मुठी ठेवल्या आणि वल्ही ढकलली. आम्ही दोघं गुडघ्याला गुडघे लावून, एकमेकांच्या तोंडावर धापा टाकत, होडी बाहेर काढत होतो. घड्याळजीने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

तो मोठाच होता की नाही, मी शपथेवर सांगणार नाही. माझ्या नजरेची साक्ष आता कोण मानणार. पण होडीच्या बाजूला आला तेव्हा त्याची खरबरीत रेघ माझ्या पंज्याहून लांब होती, आणि त्याच्या ओठात दुसरी एक लाकडी मासोळी लटकत होती. तिच्या मागे जाड दोऱ्याचा तुकडा. माझा.

"बघ!" घड्याळजी म्हणाला.

डॉक्टरांनी चिमट्याने दोन्ही गळ काढले. ते काम त्यांचंच, मी मान्य करतो. मग त्यांनी मासा उचलला आणि टाकायला हात पुढे केला.

"डॉक्टर, टाकू नका," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "इकडे द्या."

त्यांनी दिला. तो जड होता, आणि खुर्चीतून उठताना म्हातारा कण्हतो तसा हुंकारला. मी त्याला पाण्यात धरलं, तोंड प्रवाहाकडे. "ये," मी घड्याळजीला म्हटलं. तो फळीवर गुडघे टेकून वाकला. त्याचे तळवे माशाच्या पोटाखाली गेले आणि मी त्याच्या हातांना बाहेरून धरलं. थरथर त्याची होती की माशाची, पाण्याखाली ते वेगळं कळत नव्हतं. मला काही नीट दिसत नव्हतं. पण शेपटी जोर धरायला लागली ते हाताला समजलं.

"सोडू?" त्याने विचारलं.

"नको. तो जाईल."

आणि तो गेला.

आम्ही दोघं ओल्या हातांनी तसेच वाकून राहिलो. मी डोकं वर केलं तेव्हा डॉक्टर चिमटा हातात घेऊन ताठ बसले होते. ते हसले, "वा, वा," म्हणाले, पण त्यांचे डोळे आमच्या चार हातांवरच होते, आणि त्या डोळ्यांत काहीतरी बारीकसं खुपत होतं.

जवळचं मला दिसत नाही. पण ते मात्र मी अचूक ओळखलं. मला फार बरं वाटलं.